आम्ही त्याला जिंकवले, तीच आमची चूक

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमच्या मंडळाने भीमजयंतीनिमित्त शाळकरी मुलांसाठी ८०० मीटर धावण्याची स्पर्धा ठेवली होती. एप्रिलचे ऊन, म्हणून सकाळी साडेसहाची वेळ. शाळेच्या मैदानावर चुन्याने आखलेला गोल, त्याला चार फेऱ्या. पंचवीसेक मुले होती. त्यात आठवीतला एक मुलगा होता. त्याचा डावा हात कोपराच्या खाली नाही. लहानपणी कडबाकुट्टीच्या यंत्रात गेला.

तिसरी फेरी संपली तेव्हा तो चौथा होता आणि पुढच्या मुलाच्या अगदी पाठीला लागला होता. तेवढ्यात माईकवरचा आमचाच कार्यकर्ता बोलला, "बघा मंडळी, एक हात नसताना पोरगं कसं पळतंय! पोरांनो, जरा दमानं घ्या, आपल्या भावाला पुढं जाऊ द्या." पुढची तिन्ही मुले हळू झाली. एक जण तर थांबून टाळ्या वाजवायला लागला. तो पहिला आला. आम्ही शाल दिली, ५०१ रुपयांचे पाकीट दिले, फोटो काढले. 'माणुसकी अजून जिवंत आहे' असे लिहून व्हिडिओ टाकला. दोन दिवस लोकांचे नमस्कार आणि निळी हृदये येत राहिली.

पुढच्या वर्षी तो आला नाही. आम्ही त्याच्या घरी गेलो. आई म्हणाली, "दादा, शाळंत पोरं त्याला फुकटचा पहिला म्हणून चिडवतात." तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मी तिसरा आलो असतो का चौथा, ते आता कळणारच नाही मला."

या एका वाक्यावर आम्ही बरेच दिवस विचार करतो आहोत. ज्याला आम्ही खिलाडूवृत्ती म्हणून मिरवले, ती खरे तर त्या मुलाची लूट होती. त्याच्या पायांनी कमावलेला नंबर आम्ही काढून घेतला आणि बदल्यात दयेचा नंबर दिला. दोष त्या तीन मुलांचा नाही. त्यांनी मोठ्यांचे ऐकले. दोष माईक हातात असलेल्या आमचा आहे. आणि आम्ही कोण? तर बाबासाहेबांचे नाव घेऊन चालणारे, समतेवर भाषणे देणारे लोक.

म्हणून हा लेख दुसऱ्या कोणावर बोट दाखवायला लिहिलेला नाही. नांदेड-लातूरकडच्या आपल्याच मंडळांशी, आपल्याच पोरांशी हे बोलणे आहे.

दया आणि समता यांतला फरक आपल्याला कोणी शिकवायला नको

खिलाडूवृत्ती म्हणजे काय? समोरच्याला आपल्या बरोबरीचा प्रतिस्पर्धी मानणे, नियमाने खेळणे, जीव तोडून खेळणे, हरलो तर हात मिळवणे. यातली पहिली अट सगळ्यांत मोठी आहे. बरोबरीचा मानणे. ज्याला आपण मुद्दाम जिंकवतो त्याला आपण बरोबरीचा मानलेलेच नसते. आपण मनात म्हणत असतो की हा खऱ्या लढतीत टिकणार नाही.

ही मानसिकता आपल्या ओळखीची आहे. पळवणकर बाळू आठवा. चांभार समाजातला हा डावखुरा फिरकी गोलंदाज पुण्याच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखता राखता इंग्रज साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचा. पुण्याच्या हिंदू संघाला त्याची गोलंदाजी हवी होती. मैदानावर त्याने हाताळलेला चेंडू चालायचा, पण चहाच्या वेळेला त्याचा मातीचा कप पॅव्हेलियनच्या बाहेर. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले. तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला कधी मिळाले नाही. ते त्याचा भाऊ विठ्ठल याला १९२३ मध्ये मिळाले, तेही मोठ्या संघर्षानंतर. पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांच्या विरोधात उभा राहिला, हा इतिहास आपण लपवत नाही. पण त्याच्या वाट्याला आलेला तो वेगळा कप आपला विषय आहे.

आता आपल्या जयंतीचे स्टेज बघा. अपंग खेळाडूला सत्काराला बोलावतो. शाल, नारळ, 'जिद्दीला सलाम'. पण स्टेजला चार पायऱ्या असतात आणि त्याला दोघे जण उचलून वर नेतात. संघाची निवड करायची वेळ येते तेव्हा त्याचे नाव कोणाच्या डोक्यात येत नाही. टाळ्यांना तो हवा, टीममध्ये नको. बाळूचा चेंडू चालायचा आणि कप चालायचा नाही. इथे फोटो चालतो आणि माणूस चालत नाही. वेगळ्या कपाची जागा शालीने घेतली, एवढाच बदल.

नाव देणारे आणि नाव घेणारे

या लेखात आम्ही 'अपंग' हा शब्द वापरतो आहोत, तो जाणूनबुजून. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मधून 'दिव्यांग' हा शब्द पुढे केला आणि आज सगळ्या सरकारी कागदांवर तोच आहे. ज्याला तो आपला वाटतो त्याने तो खुशाल वापरावा, आमचे भांडण त्याच्याशी नाही. पण आंबेडकरी माणसाला या नामकरणात जुना वास यायला हवा. आपल्याला 'हरिजन' म्हटले गेले होते. विहिरीचे पाणी नाकारायचे आणि नावात मात्र देव घालायचा. जानेवारी १९३८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात हा शब्द कायद्यात घालायला निघाले, तेव्हा बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह सभात्याग करून बाहेर पडले. ज्यांना नाव द्यायचे त्यांना विचारले का, हा तेव्हाचा प्रश्न आजही तसाच आहे. अपंगांच्या चळवळीतल्या कितीतरी लोकांनी तो विचारला. आमच्या अवयवात दिव्य काही नाही, आम्हाला रॅम्प द्या, असे त्यांचे म्हणणे.

दुसरी गोष्ट याहून खोल आहे. गावाकडे अजून सर्रास म्हणतात, मागच्या जन्मीचे भोग. अस्पृश्य जन्माला आलास, मागच्या जन्मीचे पाप. आंधळा जन्माला आलास, मागच्या जन्मीचे पाप. दोन्ही वाक्ये एकाच कारखान्यातली आहेत. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माने आजच्या दुःखाचे समर्थन करणे नाकारले, ते काही हौस म्हणून नाही. या एका सिद्धांतावर सगळी विषमता निर्धास्त उभी राहते, हे त्यांना दिसत होते. आमच्या लातूरला तर वेगळा पुरावा लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची जमीन हलली. मेले ते मेले, वाचलेल्यांतल्या कित्येकांचे हातपाय आणि मणके मोडले. रात्री धडधाकट झोपलेली माणसे सकाळी अपंग होती. रात्रीतून कोणाचे कर्म बदलले होते? भिंतींचे दगड आणि माती बदलली नव्हती, म्हणून ती अंगावर आली.

विहारात पंचशील म्हणणाऱ्या घरांतही 'लंगड्या', 'मुक्या', 'चकण्या' ही हाक चालते आणि मैदानावर झेल सुटला की 'आंधळा आहेस का' म्हणून ओरडले जाते. जातीवाचक शिवी ऐकली की आपले रक्त उसळते. हे ऐकून मात्र आपण हसतो. असे का, याचे उत्तर प्रत्येकाने स्वतःला द्यावे.

नांदेडची लेक आणि 'सोप्या' पदकाची भाषा

२८ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस पॅरालिम्पिकच्या उद्घाटनात भारताचा तिरंगा दोघांच्या हातात होता. एक भालाफेकपटू सुमित अंतिल आणि दुसरी आपल्या नांदेड जिल्ह्याची भाग्यश्री जाधव. ती गोळाफेक करते, एफ-३४ या गटात. टोकियोत सातवी, २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत रौप्यपदक, पॅरिसमध्ये पाचवी. नांदेडच्या किती तालमींत, किती क्रीडा मंडळांत तिचा फोटो आहे? चौकाचौकांत क्रिकेटपटूंचे कट-आउट लागतात. देशाचा झेंडा घेऊन चाललेली आपल्या जिल्ह्याची बाई मात्र पोरांना स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात भेटते.

एफ-३४ म्हणजे काय, हेही आपल्याला माहीत हवे. स्नायूंचा ताठरपणा किंवा हालचालींवरचा ताबा कमी असलेल्या, बसून फेक करणाऱ्या खेळाडूंचा हा गट. जमिनीला घट्ट बांधलेल्या फेक-खुर्चीवर बसून, पायांची ढकल न मिळता, खांदा आणि कंबरेच्या वरच्या जोरावर गोळा टाकायचा. घरी खुर्चीत बसून एखादा वजनदार दगड फेकून बघा. मग बोला.

कारण बोलणारे बोलतातच. "पॅराचं काय, तिथं गटच इतके, कोणालाही पदक मिळतं." हे वाक्य ऐकल्यावर तुम्हाला दुसरे कुठले वाक्य आठवते? आम्हाला आठवते. "तुमचं काय, तुम्हाला तर कॅटेगरी आहे." एकच चाल, एकच सूर. कॉलेजच्या कट्ट्यावर हे ऐकून ज्या पोराने मान खाली घातली किंवा कॉलर धरली, त्याच पोराने पॅरा खेळाडूला 'सोपे पदक' म्हणावे, याचे आम्हाला वाईट वाटते.

एक फरक मात्र स्पष्ट ठेवला पाहिजे. जात ही शरीरातली उणीव नाही. आपल्यात काही कमी आहे म्हणून प्रतिनिधित्व मिळालेले नाही, व्यवस्थेने दारे बंद ठेवली म्हणून मिळाले. त्यामुळे दोन्ही गोष्टी एक आहेत असे आम्ही म्हणत नाही. पण तत्त्व सारखे आहे. असमान स्थितीतल्या लोकांना एकाच रेषेवर उभे करून 'आता पळा, सगळे समान' म्हणणे हा न्याय नसतो. पॅरा खेळातले वर्गीकरण लढत सोपी करायला नसते. निकाल अपंगत्वाने न ठरता सराव, ताकद आणि डोक्याने ठरावा म्हणून ते असते. बॉक्सिंगमध्ये वजनगट असतात, तेव्हा 'हलक्या गटाचे पदक फुकटचे' असे कोणी म्हणत नाही.

विसर पडण्याचा रोगही जुना आहे. इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेले सैनिक. त्यांनी १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक जिंकले. भारताचे ते पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. मधली ४६ वर्षे कुठे गेली? २०२४ मध्ये त्यांच्यावर हिंदी सिनेमा आला, तेव्हा महाराष्ट्रातल्या पोरांना आपल्याच माणसाचे नाव कळले.

आणि आमच्या त्या आठवीतल्या मुलासाठी एक नाव. नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा तालुक्याचा आदिवासी धावपटू दिलीप गावित. लहानपणी झाडावरून पडल्यामुळे एक हात गेला. हांगझोऊला त्याने ४०० मीटरमध्ये टी-४७ गटात सुवर्णपदक घेतले, ५० सेकंदांच्या आत. त्याच्या तालुक्यातल्या कोणी त्याला 'भावाला पुढे जाऊ द्या' म्हणून नुसते जिंकवत ठेवले असते, तर तो तिथवर पोचला असता का? खरी वेळ, खरे घड्याळ आणि खरा प्रतिस्पर्धी मिळाला तरच खेळाडू घडतो. आम्ही आमच्या मुलाला या तिन्हींपैकी काहीच दिले नाही.

हा प्रश्न 'त्यांचा' नाही

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग नोंदले गेले, लोकसंख्येच्या २.२१ टक्के. अनुसूचित जातींमध्ये हे प्रमाण २.४५ टक्के, म्हणजे सरासरीपेक्षा जास्त. कारणे शोधायला लांब जावे लागत नाही. गरोदर बाईच्या पोटात काय जाते ते बघा. बाळंतपणाला दवाखाना किती लांब, ते बघा. ऊसतोडीच्या फडात, बांधकामाच्या परातीखाली, यंत्राच्या पात्याशी कोण उभे असते ते बघा. जात आणि गरिबी मिळून अपंगत्व तयार करतात आणि मग तेच अपंगत्व दुसऱ्यांदा बहिष्कृत करते. त्यात मुलगी असेल तर तिसऱ्यांदा. तिला मैदानापर्यंत सोडायला घरात कोणी मोकळे नसते आणि मैदानावर तिला वापरता येईल असे संडास नसते.

कायदा आपल्या बाजूने आहे, पण आपण तो वाचलेला नाही. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम २०१६. त्याचे कलम १६ सांगते की सरकारी अनुदानाच्या आणि मान्यतेच्या शाळा-कॉलेजांनी अपंग विद्यार्थ्याला इतरांच्या बरोबरीने खेळाची संधी द्यायची. कलम ३० सांगते की खेळात भाग घेणे हा हक्क आहे आणि मैदाने, साधने, निधी त्यासाठी उभे करायचे. आणि कलम ९२ आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावे. अपंग व्यक्तीला अपमानित करण्याच्या हेतूने लोकांच्या देखत जाणूनबुजून अवमान केला, तर किमान सहा महिने आणि कमाल पाच वर्षे कारावास आणि दंड. ही भाषा ओळखीची वाटली ना? आपल्या ॲट्रॉसिटी कायद्यातल्या तरतुदीचीच ही सख्खी बहीण आहे. ज्या चळवळीने तो कायदा रस्त्यावर लढून जिवंत ठेवला, तिनेच हा कायदा वाऱ्यावर सोडावा?

आणि खिलाडूवृत्ती कोणी कोणाला शिकवायची?

आपण नेहमी धरून चालतो की धडधाकटांनी खिलाडूवृत्ती दाखवायची आणि अपंगांनी ती घ्यायची. पॅरिसमध्ये उलटे घडले. दृष्टिदोष असलेल्या स्पेनच्या एलेना काँगोस्तने मॅरेथॉनमध्ये तिसरी जागा जवळपास पक्की केली होती. शेवटच्या काही मीटरवर तिच्या सोबत धावणारा मार्गदर्शक पेटके येऊन कोसळू लागला. तिने दोघांना बांधणारी दोरी क्षणभर सोडून त्याला सावरले. नियमाने दोरी सोडता येत नाही. ती बाद झाली, कांस्यपदक जपानच्या धावपटूला गेले. नियम बरोबर की चूक यावर वाद होऊ शकतो. पण सावरणारी कोण आणि सावरला गेलेला कोण, हे लक्षात ठेवा.

बाबासाहेबांना बंधुता या शब्दापेक्षा बुद्धाचा मैत्री हा शब्द अधिक जवळचा वाटला. दया वरून खाली वाहते. मैत्री एका पातळीवर उभी राहते. मैदानाला मैत्री लागते.

मग येत्या जयंतीला काय करायचे?

मोठा निधी लागत नाही. आम्ही ठरवलेल्या गोष्टी अशा :

पहिली, नोंदणीच्या अर्जावर 'तुम्हाला खेळताना काही सोय हवी आहे का' हा एक रकाना. काय हवे ते खेळाडूच सांगेल. आपण अंदाज बांधायचा नाही.

दुसरी, कर्णबधिर मुलासाठी शिट्टीबरोबर झेंडा खाली करायचा. त्याला शिट्टी ऐकू येत नाही आणि तो दरवेळी दुसऱ्याचा पाय हललेला बघून उशिरा सुटतो. आपण म्हणतो, 'पोरगं स्लो आहे.'

तिसरी, वेगळा गट की एकत्र? "गावात अपंग खेळाडू एकच, गट कुठून आणायचा?" हा प्रश्न बरोबर आहे. खेळाडूला विचारायचे. त्याला सर्वांबरोबर पळायचे असेल तर पळू द्यायचे आणि त्याची वेळ घड्याळावर नोंदवून हातात द्यायची. पुढच्या वर्षी त्याची लढत त्या वेळेशी असेल. चार-पाच गावांची मंडळे एकत्र आली तर गटही होतो.

चौथी, गट केला तर बक्षीस तेवढेच. खुल्या गटाला पाच हजार आणि अपंग गटाला स्टीलचा डबा, हे बंद.

पाचवी, माईक. निवेदकाला आधीच सांगायचे : नाव, गाव, क्रमांक, वेळ. 'बिचारा', 'देवाने हिरावले', 'असूनसुद्धा' हे शब्द नाहीत. स्पर्धा चालू असताना कोणाला हळू व्हायला सांगायचे नाही. आणि कोणी हिणवले तर तो संघ बाद, मग तो आपल्या गल्लीचा असला तरी.

सहावी, एक तरी सामना अंध क्रिकेटच्या नियमांनी. छर्रे भरलेला, आवाज करणारा प्लास्टिकचा चेंडू, खालून टाकलेली गोलंदाजी, टाकण्याआधी फलंदाजाला विचारायचे. पूर्ण अंध फलंदाजाची धाव दुप्पट मोजली जाते. आपल्या गल्लीतल्या हिरोंनी डोळ्यांवर पट्टी बांधून एक षटक खेळून बघावे. नोव्हेंबर २०२५ मध्ये भारताच्या अंध महिला संघाने पहिला टी-ट्वेंटी विश्वचषक कसा जिंकला असेल, ते तेव्हा कळेल.

सातवी, ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के अपंगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसभेत उभे राहून विचारा : गेल्या वर्षी किती झाले, कशावर झाले, मैदानावर काही झाले का? लेखी उत्तर घ्या. डीजेचा एक दिवसाचा खर्च वाचवला तर मैदानाला आणि स्टेजला लाकडी उतार आपलाही होतो, पण हक्काचा पैसा सोडायचा नाही.

आठवी, आयोजन समितीत एक तरी अपंग कार्यकर्ता, आणि तो निर्णय घेणारा. प्रतिनिधित्वाची मागणी आपण सगळीकडे करतो, ती आपल्या मंडळापासून सुरू होऊ द्या.

कोणी म्हणेल, 'एवढे कशाला, त्या दिवशी पोरांचा हेतू चांगलाच होता.' होता. पण चांगल्या हेतूने हरिजन म्हणणारेही होते. आपण हेतूवर समाधान मानणारी माणसे असतो, तर महाडला गेलोच नसतो.

त्या मुलाला आम्ही पुन्हा भेटलो. माफी मागितली, शाल-नारळाशिवाय. त्याने विचारले, "या वर्षी कोणी थांबणार नाही ना?" आम्ही शब्द दिला आहे. तो आता दहावीला आहे, सकाळी रस्त्यावर पळतो. येत्या जयंतीला तो पहिला येईल की दहावा, आम्हाला माहीत नाही आणि ते आधी ठरवायचा अधिकार आम्हाला नाही. जो नंबर येईल तो त्याचा स्वतःचा असेल.

जय भीम! जय संविधान!